पोकरच्या टेबलावर वेळ किती घ्यायचा, आणि दुसरा घेत असेल तर काय करायचं

आखाजी आली की खान्देशात पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो हे काही कोणाला नव्याने सांगायला नको, ओट्यावर, पारावर, मळ्यात रमी आणि तीन पत्तीचे डाव बसतातच. पण आता जळगाव, धुळे, भुसावळकडच्या पोरांमध्ये पोकर पण चांगलंच शिरलंय. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं सुट्टीत येताना चिप्सची पेटी घेऊन येतात आणि मग कूलरसमोर पहाटेपर्यंत डाव चालतो. नियम सगळ्यांना येतात, फ्लश मोठा की स्ट्रेट मोठी हे पण पाठ झालंय. कोणी शिकवत नाही ती गोष्ट म्हणजे आपली पाळी आल्यावर किती वेळ घ्यायचा आणि दुसरा वेळ घेत असेल तेव्हा आपण कसं वागायचं. आमच्या ग्रुपचा डाव मी बसवतो, आणि माझं तर मत आहे की टेबलावरची बरीचशी कुरबूर हार-जितीवरून होतच नाही, वेळेवरून होते. एकजण तोंडाला हात लावून बसलेला असतो आणि बाकीचे आठ जण छताकडे बघत असतात, मग कोणीतरी "कितला येळ लावस भो" म्हणतो, तो चिडतो, आणि पुढचा अर्धा तास सगळे तोंड पाडून खेळतात.

सुरुवातीलाच एक सांगतो, आम्ही पैसे लावून खेळत नाही. चिप्स वाटतो, रात्री शेवटी हिशोब होतो आणि तळाला असेल त्याच्याकडे पुढची भरीत पार्टी, बस. पैसे लावून अड्डा बसवला तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि पैशाचं ऑनलाइन पोकर २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद झालंय, त्यामुळे घरी खेळताय तर चिप्सवरच खेळा. आणि वागण्याचे नियम चिप्सच्या डावाला पण तेवढेच लागू आहेत, उलट जास्त, कारण समोर बसलेले सगळे उद्या पण भेटणारच आहेत.

आधी हिशोब समजून घ्या

माणसाने पत्ते वाटलेल्या टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० हँड (एकदा पत्ते वाटल्यापासून ते कोणी जिंकेपर्यंतचा एक फेरा म्हणजे एक हँड) होतात, तेही वाटणारा सरावाचा असेल तर. घरच्या डावात आपणच पिसतो, आपणच वाटतो, मधे चहा येतो, कोणाचा फोन येतो, तर २० झाले तरी खूप. म्हणजे एका हँडला दोन ते तीन मिनिटं, आणि त्यात पिसणं, वाटणं, फ्लॉप, टर्न, रिव्हर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात ती आधी तीन पानं, मग चौथं, मग पाचवं), चिप्स मोजणं सगळं आलं. आता एकट्या माणसाने एका निर्णयाला तीन मिनिटं घेतली की टेबलाचा एक अख्खा हँड गेला. आणि हा हँड त्या एकट्याचा जात नाही, नऊ जणांचा जातो. त्यातल्या कोणालातरी त्या हँडमध्ये एक्क्यांची जोडी आली असती.

टुर्नामेंट असेल तर अजून अवघड. समजा २० मिनिटांची लेव्हल आहे (तेवढा वेळ ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, तेवढेच राहतात) आणि नऊ जण आहेत, तर नीट वेगाने खेळलं तर एका लेव्हलमध्ये जेमतेम एक चक्कर पूर्ण होते, बटण (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी खूण) एकदा प्रत्येकासमोर येतं. दोघांनी दोन-दोनदा ताणलं की ती चक्कर पण पूर्ण होत नाही आणि ब्लाइंड वाढून जातात. ज्याच्याकडे दहा-बारा बिग ब्लाइंड (मोठ्या ब्लाइंडच्या दहा-बारा पट चिप्स) उरलेत त्याला त्यात सगळ्यात जास्त फटका बसतो, त्याने काहीच चूक केलेली नसते तरी.

तीन पत्तीतून आलेल्या लोकांना हे सगळं थोडं वेगळं वाटतं, कारण तिथे चाल द्यायची नाहीतर पॅक व्हायचं, फार तर साइड शो मागायचा, विचार करायला फार जागाच नाही. पोकरमध्ये बेटिंगचे चार राउंड आहेत, प्रत्येक राउंडला किती लावायचं हे आपण ठरवतो, समोरच्याने आधी काय केलं ते आठवावं लागतं. त्यामुळे इथे विचार करणं हा खेळाचाच भाग आहे आणि जो विचार करतोय त्याला पहिल्याच दहा सेकंदात टोचणारा माणूस पण तेवढाच चुकतो. मी दोन्ही बाजूंचं लिहितोय, कारण नवीन पोरांना घाई करून करून आपणच पळवून लावतो.

कुठे वेळ घ्यायचा आणि कुठे नाही

फ्लॉपच्या आधी हातात सात-दुरी आलीय, वेगवेगळ्या रंगाची, समोर रेझ झालाय, म्हणजे कोणीतरी रक्कम वाढवलीय. इथे विचार करायला काही नाही, फोल्ड करा, पत्ते टाकून द्या. तुम्ही वीस सेकंद पत्त्यांकडे बघत बसलात तर ती सात-दुरी काय एक्का-राजा होणार नाही. खरं सांगायचं तर टेबलाचा सगळ्यात जास्त वेळ अशाच ठिकाणी जातो, मोठ्या पॉटमध्ये (मधे जमलेल्या चिप्स म्हणजे पॉट) जात नाही. मोठा पॉट तासातून दोनदा-तीनदा होतो, पण फ्लॉपच्या आधी प्रत्येक हँडला प्रत्येकाने दहा सेकंद जास्त घेतले तर नऊ जणांचे दीड मिनिट झाले, आणि ते प्रत्येक हँडला. लोक मोठ्या निर्णयावर ताणणाऱ्याला बोलतात आणि हे रोजचं कोणाच्या लक्षातच येत नाही. मला विचाराल तर सुधारायचं असेल तर इथून सुरुवात करा.

आता खरा अवघड निर्णय कसा असतो ते बघा. तुमच्याकडे बदामचा एक्का आणि बदामची दश्शी. बोर्डावर इस्पिकचा एक्का, बदामची नव्वी, किलवरची चौकी, मग टर्नला बदामची सत्ती, रिव्हरला चौकटची दुरी. तुमची एक्क्यांची जोडी आहे, फ्लश लागला नाही. पॉटमध्ये १२०० आहेत आणि समोरचा १२०० लावून ऑल-इन होतो, म्हणजे त्याच्याकडचं सगळं लावतो. इथे एक मिनिट घ्या, बिनधास्त घ्या, कोणी काही बोलणार नाही आणि बोललं तर तो चूक. कारण १२०० देऊन २४०० जिंकायचे आहेत, म्हणजे तीनात एकदा तरी तुम्ही बरोबर असायला पाहिजे. त्याच्याकडे नव्व्या, सत्त्या किंवा चौक्या जोडीने असतील, एक्का-नव्वी असेल तर तुम्ही गेलात. पण त्याची स्ट्रेट लागता लागता राहिली असेल, दश्शी-अठ्ठी किंवा अठ्ठी-छक्की घेऊन बसला असेल, तर तो थापा मारतोय. आणि अजून एक, बदामचे दोन पत्ते तुमच्या हातात आहेत म्हणजे त्याचा बदामचा फ्लश हुकलेला असण्याची शक्यता थोडी कमी होते. एवढं सगळं डोक्यात मांडायला वेळ लागतो आणि तो लागलाच पाहिजे.

पण हे पण बघा की यातलं निम्मं काम रिव्हर यायच्या आधीच करता येतं. टर्नला त्याने बेट कॉल केली (तेवढ्याच चिप्स लावल्या) तेव्हाच डोक्यात घ्यायचं की हा काय घेऊन बसला असेल, पॉट किती झाला, रिव्हरला याने सगळं लावलं तर मी काय करणार. ज्याने हे आधी केलंय त्याला रिव्हरला वीस-तीस सेकंद पुरतात. ज्याने टर्न आणि रिव्हरच्या मधे मोबाईलवर रील बघितली त्याला सगळं पहिल्यापासून आठवावं लागतं, मग तो विचारतो "फ्लॉपला कोणी लावले होते रे?" आणि टेबल वैतागतं.

माझा अनुभव असा की साधारण एक मिनिटानंतर डोक्यात नवीन काही येत नाही, त्याच दोन गोष्टी फिरत राहतात, कॉल करू का फोल्ड करू, कॉल करू का फोल्ड करू. तिथे पोहोचलात की समजा की माहिती संपलीय आणि आता फक्त हिंमत गोळा करणं चाललंय. निर्णय घ्या आणि मोकळे व्हा.

स्वतःचा वेळ कसा वाचवायचा

चिप्स रंगाप्रमाणे वीस-वीसच्या थप्पीत लावा आणि मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे ठेवा. हे दिसायला साधं आहे पण याने खूप फरक पडतो, कारण समोरच्याला तुमच्याकडे किती आहेत ते बघून कळतं, त्याला विचारावं लागत नाही आणि तुम्हाला मोजत बसावं लागत नाही. चिप्सचा ढीग करून बसणारा माणूस टेबलाचा वेळ खातो आणि त्याला वाटतं मी तर पटापट खेळतोय.

दुसऱ्याची पाळी चालू असताना बघत राहा. तुम्ही फोल्ड केलंय तरी बघा, कोण कसं खेळतोय ते तेव्हाच कळतं. नवीन असाल तर पत्ते हातात आले की लगेच बघून घ्या, पाळी येईपर्यंत थांबू नका. सरावाचे बरेच खेळाडू मुद्दाम पाळी आल्यावर बघतात, म्हणजे चेहऱ्यावर काही दिसू नये आणि दुसऱ्यांचे चेहरे बघता यावेत. ते पण ठीक आहे, पण मग बघितल्यावर लगेच खेळता आलं पाहिजे. आणि पाळी यायच्या आधी फोल्ड करून पत्ते फेकू नका हं, वेळ वाचवायच्या नादात लोक तेच करतात. तुमच्या आधीच्या माणसाला कळून जातं की मागे एकजण कमी झाला आणि त्याचा फायदा तो घेतो, हे तुमच्या आधी खेळलेल्यांवर अन्याय आहे.

खरंच विचार करायचा असेल तर तोंडाने "टाइम" म्हणा. एकच शब्द, पण त्याने दोन गोष्टी होतात. वाटणाऱ्याला कळतं की हा झोपलेला नाही, विचार करतोय, आणि तुमची शांतता चेक (काही न लावता पाळी पुढे देणं) समजून पुढचं पान उघडलं जात नाही. आमच्याकडे हे दोनदा-चारदा झालंय, एकजण विचार करत होता, वाटणाऱ्याला वाटलं चेक केलं, टर्न उघडला, आणि मग ते पान परत घ्यायचं की नाही यावर पंधरा मिनिटं. "टाइम" म्हटलं असतं तर काही झालं नसतं.

अजून एक गोष्ट जी वेळेशी पण जोडलेली आहे आणि तुमच्या फायद्याशी पण. सोपा निर्णय एका सेकंदात आणि अवघड निर्णय एका मिनिटात घेतलात तर समोरच्याला तुमच्या घड्याळावरूनच तुमचे पत्ते कळायला लागतात. लगेच कॉल केला की बहुतेक ड्रॉ आहे (हात पूर्ण व्हायला अजून पान लागायचंय), थांबून कॉल केला की मधली जोडी, हे जुने खेळाडू बरोबर ओळखतात. म्हणून साध्या निर्णयांना सवय लावून घ्या, चार-पाच सेकंद, पत्ते चांगले असोत का वाईट, तेवढेच. मग टेबल पण संथ होत नाही आणि तुमचं काही कळत पण नाही. कचरा फोल्ड करायला मात्र हे चार-पाच सेकंद पण नकोत, तिथे लपवायला काही नाही.

स्लो रोल, हे कधीच करू नका

बाकी सगळ्यात थोडंफार चालतं, यात नाही. समोरच्याने ऑल-इन केलंय, तुमच्या मागे कोणी खेळायचं राहिलं नाही, तुमच्याकडे बोर्डावर शक्य असलेला सगळ्यात मोठा हात आहे, आणि तरी तुम्ही डोकं खाजवत, उसासे टाकत मिनिटभर बसता, मग "चल कॉल" म्हणून हसत पत्ते टाकता. त्या मिनिटात निर्णय असा काही नव्हताच, फक्त समोरच्याला आशा दाखवायची होती. याला स्लो रोल म्हणतात आणि जगभर पोकर खेळणारी माणसं याला सगळ्यात घाण वागणूक मानतात. शोडाउनला (शेवटी पत्ते दाखवताना) पण तेच, आपण जिंकलोय हे माहिती असून पत्ते दाबून ठेवणं, समोरच्याला चिप्सकडे हात न्यायला लावणं आणि मग दाखवणं.

आपल्याकडे हे जास्त होतं आणि त्यात दरवेळी वाईट हेतू असतोच असं नाही. तीन पत्तीत पान हळूहळू सरकवत बघायची, शोच्या वेळी एक-एक पान टाकून मजा वाढवायची सवय आहे, आखाजीच्या डावात तर त्याच्यावरच आरडाओरडा होतो आणि सगळ्यांना ते आवडतं. तीच सवय पोकरमध्ये येते. म्हणून नवीन माणसाने असं केलं तर चिडू नका, हँड संपल्यावर त्याला शांतपणे सांगा की इथे कॉल केला की दोन्ही पत्ते एकदम उघडायचे. टुर्नामेंटमध्ये तर नियमच आहे, ऑल-इन कॉल झाला आणि पुढे बेटिंग शिल्लक नाही की सगळ्यांचे पत्ते उघडे. बाकी वेळेला रिव्हरवर शेवटची बेट किंवा रेझ ज्याचा, तो आधी दाखवतो, आणि रिव्हरला कोणीच लावलं नसेल तर बटणाच्या डावीकडून जो पहिला हँडमध्ये आहे तो. हा क्रम माहिती असला की "तू दाखव, आधी तू दाखव" हे पण बंद होतं. आणि क्रम तुमचा नसला तरी मोठा हात असेल तर टाकून द्या टेबलावर, त्यात काही जात नाही.

स्लो प्ले वेगळं आहे, त्याची गल्लत करू नका. मोठा हात आहे म्हणून फ्लॉपला चेक केलं, समोरच्याला लावू दिलं, तो डावपेच आहे आणि एकदम योग्य आहे.

मग राहतं नाटक. हातात मोठा हात आहे, रेझच करायचाय, पण आधी वीस सेकंद चिंतेत असल्यासारखं बसायचं. यावर लोकांची वेगवेगळी मतं आहेत. माझं मत असं की पुढे बेटिंग बाकी असेल तर थोडं नाटक चालतं, थापा मारणं हा पोकरचा भाग आहे. पण दर हँडला करणारा माणूस टेबलावर नकोसा होतो आणि दोन तासांत सगळे त्याचं नाटक ओळखतात, म्हणजे फायदा पण नाही. २०१६ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये विल्यम कसूफ नावाचा ब्रिटिश खेळाडू सारखा बोलत बोलत वेळ घ्यायचा, त्याच्यावर पुन्हा पुन्हा क्लॉक (त्याला मोजून वेळ द्या अशी मागणी) मागितलं गेलं, अधिकाऱ्यांनी समज दिली, समोरचे खेळाडू उघड वैतागलेले दिसायचे. शेवटी ग्रिफिन बेंगरच्या एक्क्यांच्या जोडीसमोर त्याची राजांची जोडी पडली आणि तो १७ व्या नंबरावर बाहेर गेला. त्याच्या बाजूने बोलणारे पण आहेत, पण आपल्या घरच्या टेबलावर तसं कोणी वागलं तर पुढच्या वेळी त्याला बोलवायचं का नाही यावर चर्चा होणार, हे नक्की.

दुसरा विचार करतोय तेव्हा

गप्प बसा. खरंच, याच्या इतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. "अरे कॉल कर ना भो", "तो थापा मारतोय", "मी असतो तर टाकलं असतं" हे सगळं बंद. एका हातावर एकच माणूस खेळतो हा पोकरचा मूळ नियम आहे, हँड चालू असताना कोणी बाहेरून सल्ला द्यायचा नाही. आणि तुम्ही काय फोल्ड केलं ते पण सांगायचं नाही, "माझ्याकडे एक्का होता रे" एवढं बोललात तरी जो विचार करतोय त्याचा हिशोब बदलतो, कोणाच्यातरी चिप्स तुमच्या तोंडामुळे जातात. तोंडाने बोलायचं नाही म्हणजे चेहऱ्याने पण नाही. मोठ्याने सुस्कारा टाकणं, सारखं मोबाईलमध्ये वेळ बघणं, टेबलावर बोटं वाजवणं, हे सगळं बोलण्यासारखंच आहे.

वयाने मोठं कोणी खेळत असेल तर काय? आपल्याकडे डावात आप्पा, नाना, दाजी असतातच आणि त्यांना "लवकर करा" कसं म्हणायचं हा प्रश्न पडतो. बऱ्याचदा त्यांना आपली पाळी आलीय हेच लक्षात आलेलं नसतं. "आप्पा, तुमच्याकडे आहे, तीनशे लावलेत" एवढं सांगितलं की पुरतं. यात घाई पण नाही आणि अपमान पण नाही, आणि किती लावलेत ते सांगितल्याने त्यांना विचारावं पण लागत नाही. हे ज्याने डाव बसवलाय त्याने किंवा जो वाटतोय त्याने सांगावं, हँडमध्ये समोर असलेल्या माणसाने नको, त्याच्या तोंडून ते दबावासारखं वाटतं.

नवीन माणसाला पहिल्या रात्री सूट द्या. त्याला हात कोणता मोठा हेच आठवत असतं. शेजारच्याने हँड झाल्यावर समजवायचं, हँड चालू असताना नाही.

क्लॉक मागायचं कसं

एवढं करून पण एखादा ताणतच असेल तर त्याच्यासाठी नियम आहे. पोकर टुर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन म्हणून संघटना आहे, २००१ मध्ये सुरू झाली, तिचे नियम बहुतेक मोठ्या टुर्नामेंट पाळतात. त्यात असं आहे की पुरेसा वेळ गेलाय असं अधिकाऱ्याला वाटलं तर तो स्वतः क्लॉक लावतो किंवा खेळाडूने मागितलं तर मंजूर करतो. मग विचार करणाऱ्याला २५ सेकंद मिळतात आणि वर ५ सेकंद मोठ्याने मोजतात. आधी हेच ५० आणि १० होतं, नंतर कमी केलं. वेळ संपला आणि समोर बेट असेल तर हात बाद, बेट नसेल तर चेक धरतात. अगदी शेवटच्या क्षणी बोलला आणि शंका आली तर निकाल खेळाडूच्या बाजूने देतात. वर्ल्ड पोकर टूरने तर २०१७ पासून ॲक्शन क्लॉक आणलं, एका निर्णयाला ३० सेकंद, आणि जास्त पाहिजे असेल तर वेळेच्या चिप्स दिलेल्या असतात त्या टाकायच्या.

मागताना आवाज साधा ठेवा, वाटणाऱ्याकडे बघून "क्लॉक" म्हणा, त्या माणसाकडे बघून नको. त्याने खरंच दोन-अडीच मिनिटं घेतली असतील तरच मागा, आणि मोठा ऑल-इन असेल, त्याने रात्रभर पटापट खेळलं असेल, तर थोडं अजून थांबा, त्याने तो वेळ कमावलाय. जो दर हँडला ताणतो त्याच्यावर लवकर मागितलं तरी चालतं. त्याने मघाशी माझ्यावर मागितलं म्हणून मी आता त्याच्यावर मागतो, हे मात्र करू नका, मग रात्रभर तेच चालतं. आणि ज्याच्यावर क्लॉक लागलं त्याने मनाला लावून घ्यायचं नाही, ३० सेकंद मिळालेत, वापरा.

गोव्याला कॅसिनोत जाऊन बसणार असाल (आता जळगावहून विमान पण जातं आणि भुसावळहून गोवा एक्सप्रेस आहेच) तर तिथे स्वतः कोणाला काही बोलू नका, डीलरला सांगा, तो फ्लोअरच्या माणसाला (टेबलांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला) बोलवतो आणि तोच मोजतो. ऑनलाइन खेळून खेळून शिकलेल्यांनी तिथे थोडा दम धरावा. ऑनलाइनला एका टेबलावर तासाला ६० च्या वर हँड व्हायचे, टायमर आपोआप चालायचा, आणि एका वेळी चार-चार टेबल उघडे असायचे. समोर माणसं बसलेली असली की तो वेग नसतो, असू पण नये.

घरच्या डावासाठी आम्ही काय करतो

प्रत्येकाला सुरुवातीला दोन वेगळ्या रंगाच्या चिप्स देतो, एका चिपचे ३० सेकंद. साध्या निर्णयाला साधारण अर्धा मिनिट धरलेला आहे, त्याच्यावर पाहिजे असेल तर चिप टाकायची. मोबाईलवर टायमर लावतो, जो त्या हँडमध्ये नाही तो लावतो. चिप्स संपल्या की संपल्या, दोन तासांनी परत दोन मिळतात. याचा सगळ्यात मोठा फायदा असा झाला की कोणाला कोणाला काही बोलावंच लागत नाही. चिप टाकून विचार करणाऱ्याला कोणी टोचत नाही, कारण तो स्वतःचा वेळ खर्च करतोय, आणि फालतू ठिकाणी लोक आपोआप पटकन खेळतात कारण चिप वाया घालवायची नसते.

लेव्हल संपत आली की ताणणारे असतात, ब्लाइंड वाढायच्या आत किंवा वाढल्यावर पुढचा हँड यावा म्हणून. त्याला साधा नियम, पत्ते पिसायला सुरुवात झाली की नवीन हँड सुरू झाला, त्या क्षणी जी लेव्हल असेल तिचे ब्लाइंड. दोन टेबल असतील आणि एकजण बाहेर पडला की बाकी सगळे बक्षिसात, अशी वेळ आली तर दोन्ही टेबलांवर हँड एकदम सुरू करा, ज्यांचा आधी संपेल त्यांनी दुसऱ्यांची वाट बघायची. मग ताणून काही मिळत नाही.

हे सगळे नियम पहिला हँड वाटायच्या आधी सांगा, सगळे बसलेले असताना, मधेच नाही. मधे सांगितलं की ज्याच्यामुळे सांगितलं त्याला ते लागतं. आणि एखादा सगळं करून पण ताणतच असेल तर टेबलावर दहा जणांसमोर बोलू नका, दुसऱ्या दिवशी चहाला घ्या आणि सांगा की भाऊ, तुझ्या हँडला फार थांबावं लागतं, काय अडचण होते सांग. बऱ्याच वेळा उत्तर येतं की पॉट किती झाला हेच कळत नाही म्हणून मोजत बसतो. मग त्याला वाटणाऱ्याच्या शेजारची जागा द्या, आणि वाटणाऱ्याला सांगा की प्रत्येक राउंड झाला की पॉटचा आकडा मोठ्याने बोलायचा.